वाटाणा, उंदीर आणि अनुमान : नव्या प्रथिनांच्या ॲलर्जीपरीक्षेतील प्राणी-प्रतिमानांची चिकित्सा

१

मानवी आहारात प्रथमच येणाऱ्या एखाद्या प्रथिनामुळे कोणास ॲलर्जी होईल काय, हा प्रश्न विचारावयास सोपा व सोडवावयास फार अवघड आहे. विषाची परीक्षा ज्या रीतीने होते त्या रीतीने ॲलर्जीची परीक्षा होऊ शकत नाही. विष पुरेशा मात्रेत बहुतेक सर्वांनाच बाधते. अन्नातील प्रथिनाची ॲलर्जी मात्र थोड्यांनाच होते आणि उरलेले सर्व लोक तोच पदार्थ जन्मभर सुखाने खात असतात. म्हणजे येथे दोष केवळ पदार्थात नसतो आणि केवळ खाणाऱ्यातही नसतो. तो दोघांच्या संबंधात असतो. अशा वेळी माणसाच्या जागी एखादा प्रयोगशाळेतील प्राणी ठेवून त्या संबंधाचे भविष्य वर्तविता येईल काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या विषयावरील वाङ्मय विपुल आहे व त्याचा समग्र आढावा घेण्याचा येथे हेतू नाही. एकाच प्रकरणातील दोन शोधनिबंध, २००५ सालचा ऑस्ट्रेलियातील आणि २०१३ सालचा मुख्यतः व्हिएन्नातील, समोरासमोर ठेवून वाचावेत आणि त्यांतून प्राणी-प्रतिमानाच्या प्रामाण्याविषयी काय निष्पन्न होते ते पाहावे, एवढाच मर्यादित उद्देश आहे. आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : नव्या प्रथिनास उंदराने प्रतिसाद दिला किंवा दिला नाही, ही गोष्ट एकटी असता तिच्यापासून माणसाविषयी कोणतेच अनुमान निघत नाही. ज्यांचा स्वभाव माणसाच्या दीर्घ अनुभवाने आधीच ठरलेला आहे अशा परिचित प्रथिनांमध्ये तोच उंदीर योग्य भेद करू शकतो, हे प्रथम सिद्ध झाले पाहिजे. ही अट पुरी न करता काढलेला निष्कर्ष प्रतिकूल असो वा अनुकूल, तो सारखाच निराधार असतो.

२

अन्नाच्या ॲलर्जीचे दोन टप्पे असतात, हे प्रारंभीच ध्यानात घेतले पाहिजे. पहिल्या टप्प्यात शरीर त्या प्रथिनाविरुद्ध आयजीई या जातीचे प्रतिपिंड तयार करते. त्या वेळी बाहेरून काहीही जाणवत नाही. दुसऱ्या टप्प्यात तेच प्रथिन पुन्हा पोटात गेले असता त्या प्रतिपिंडांच्या द्वारा हिस्टामिनासारखी द्रव्ये मोकळी होतात, आणि मग अंगावर पित्त उठण्यापासून प्राणघातक आघातापर्यंत काहीही घडू शकते. एखाद्या परिचित प्रथिनाची परीक्षा करावयाची असेल, तर पहिला टप्पा ज्यांच्या बाबतीत अगोदरच पार पडला आहे असे रुग्ण समाजात सापडतात व त्यांचे रक्त आपणांस साक्ष देऊ शकते.

ब्राझील नटाचे प्रसिद्ध उदाहरण याच प्रकारचे आहे. सोयाबीनमध्ये मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असते. ते वाढविण्याच्या हेतूने ब्राझील नटामधील २-एस आल्ब्युमीन या प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घालण्यात आले. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात ब्राझील नटाची ॲलर्जी असलेल्या नऊ व्यक्तींचा रक्तरस वापरला होता. नवापैकी आठ जणांच्या रक्तरसातील प्रतिपिंड या प्रथिनास चिकटले. तिघांच्या त्वचेवर परीक्षा केली असता नव्या सोयाबीनच्या अर्काने गांधी उठल्या, साध्या सोयाबीनच्या अर्काने उठल्या नाहीत. ते सोयाबीन बाजारात आले नाही. येथे निर्णय माणसाच्या रक्ताने दिला; कोणत्याही प्राण्याची साक्ष आवश्यक ठरली नाही.

परंतु जे प्रथिन माणसाने आजवर खाल्लेच नाही, त्याचे रुग्ण कोठून आणावयाचे? जिवाणूपासून घेतलेले कीटकनाशक प्रथिन, यीस्टकडून तयार करून घेतलेले वनस्पतीचे प्रथिन किंवा पूर्वी कोणी न खाल्लेल्या किड्याचे पीठ यांच्या बाबतीत रक्ताची साक्ष उपलब्ध नसते. अशा वेळी तीन गोष्टी पाहण्याचा प्रघात पडला आहे : प्रथिनाचा उगम, त्याच्या अमिनो आम्लांच्या अनुक्रमाचे ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनांशी साम्य, ज्यात ८० अमिनो आम्लांच्या खंडात ३५ टक्क्यांहून अधिक समानता आढळल्यास शंका घेतली जाते, आणि पेप्सिनाने ते कितपत पचते. या तीनही परीक्षा अप्रत्यक्ष आहेत. एखादे प्रथिन जिवंत शरीरात गेल्यावर पहिला टप्पा घडवून आणते काय, या मूळ प्रश्नास त्यांपैकी एकही स्पर्श करीत नाही. प्राणी-प्रतिमानाचे आकर्षण नेमके येथे आहे. त्यात निदान जिवंत शरीर तरी असते.

हे आकर्षण व त्याविषयीचा संकोच या दोहोंचे प्रतिबिंब आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात पडलेले दिसते. जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांनी जानेवारी २००१ मध्ये रोम येथे भरविलेल्या तज्ज्ञसभेने आपल्या निर्णयवृक्षात प्राण्यांवरील परीक्षेस स्थान दिले. दोनच वर्षांनी, २००३ मध्ये, कोडेक्स आयोगाने जी मार्गदर्शिका स्वीकारली तिने मात्र निर्णयवृक्षाऐवजी सर्व पुराव्यांचा एकत्रित तोल पाहण्याची पद्धत पुरस्कारिली आणि प्राणी-प्रतिमानांची गणना ज्ञान वाढेल तसा विचार करावयाच्या इतर साधनांत केली. या दोन भूमिकांमधील अंतर केवळ शब्दांचे नाही. वाटाण्याच्या प्रकरणात ते अंतर प्रत्यक्ष कसोटीस लागले.

३

कडधान्यास लागणारा भुंगेरा ही आपल्या घराघरांतील परिचित आपत्ती आहे. शेतात शेंगेवर घातलेल्या अंड्यांतून निघालेली अळी दाण्यात शिरते व दाणा आतून पोखरते. घेवड्याच्या बियांत अल्फा-अमायलेज-रोधक नावाचे प्रथिन असते. ते अळीच्या पिष्ट पचविणाऱ्या एंझाइमास निकामी करते आणि अळी अन्नात असूनही उपाशी मरते. या प्रथिनाचे जनुक वाटाण्यात घातल्यास दाणे भुंगेऱ्यापासून सुरक्षित राहतात, हे १९९४ व १९९५ सालच्या निबंधांनी दाखवून दिले होते. घेवडा माणूस हजारो वर्षे खात आला आहे आणि वाटाणाही खात आला आहे. तेव्हा एकाचे प्रथिन दुसऱ्यात नेल्याने धोका संभवत नाही असे मानण्याकडे स्वाभाविक कल होता.

ऑस्ट्रेलियातील सी. एस. आय. आर. ओ. ही राष्ट्रीय संशोधनसंस्था व कॅनबेरा येथील विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाने हा कल हादरविला. त्यांनी बाल्ब-सी जातीच्या उंदरांना बियांच्या पिठाचे मिश्रण आठवड्यातून दोनदा याप्रमाणे चार आठवडे नळीने पोटात दिले. काही उंदरांना साधा वाटाणा, काहींना जनुकांतरित वाटाणा, काहींना घेवडा. नंतर शुद्ध केलेला रोधक पंजाच्या त्वचेखाली टोचून सूज मोजली, तसेच तो श्वासनलिकेत सोडून फुप्फुसातील दाह पाहिला. जनुकांतरित वाटाणा खाल्लेल्या उंदरांनी रोधकाविरुद्ध स्पष्ट प्रतिसाद दिला. घेवडा खाल्लेल्यांनी दिला नाही. द्रव्यमानाच्या वर्णपटाने असेही दिसून आले, की वाटाण्याच्या दाण्यात तयार झालेला रोधक घेवड्यातील रोधकाशी तंतोतंत सारखा नसून त्याला जोडल्या गेलेल्या शर्करांमध्ये बारीक फरक आहेत. जनुक तेच, परंतु प्रथिन घडविणारी पेशी वेगळी, म्हणून प्रथिनावरील अखेरचा हात वेगळा. या फरकामुळेच उंदराच्या शरीरास ते परके वाटले असावे, असे स्पष्टीकरण पुढे आले. त्याच वर्षी हा वाटाण्याचा प्रकल्प थांबविण्यात आला.

या निबंधाचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. ज्या प्रथिनाचे जनुक घेतले तेच प्रथिन मूळ स्वरूपात तुलनेसाठी ठेवले होते. शुद्ध प्रथिन टोचण्यावर न भागविता संपूर्ण दाणा पोटातून दिला होता. केवळ जैविक परिणाम नोंदवून न थांबता त्यामागील रासायनिक कारणाचा शोध घेतला होता. शिवाय लेखकांनी शीर्षकात ‘ॲलर्जी’ हा शब्द वापरला नाही. त्यांनी रचनेतील व प्रतिक्षमजनकतेतील बदल एवढेच म्हटले. प्रतिक्षमजनकता म्हणजे शरीराकडून कोणत्याही प्रकारचा प्रतिसाद जागविण्याची शक्ती. ॲलर्जीजनकता हा तिचा एक विशिष्ट व क्वचित आढळणारा प्रकार. ही मर्यादा चर्चेत पुढे गळून पडली आणि ‘जनुकांतरित वाटाण्याने ॲलर्जी होते’ असे सुटसुटीत विधान सर्वत्र रूढ झाले, यात मूळ लेखकांपेक्षा वाचकांचा दोष अधिक आहे.

४

आठ वर्षांनी, २०१३ साली, व्हिएन्नाच्या वैद्यकीय विद्यापीठातील संशोधकांचा निबंध प्रसिद्ध झाला. वाटाण्याच्या निर्मितीशी संबंधित असलेले एक ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहेत, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. तिच्यामुळे दुसऱ्या निबंधाच्या निष्पक्षपातीपणाविषयी शंका घेता येईल. परंतु ज्याने प्रतिकूल निष्कर्षावर सही केली त्यानेच पुढील परीक्षेसाठी सामग्री दिली, असाही तिचा अर्थ होतो. प्रयोग कसा रचला होता, हीच येथे खरी कसोटी मानली पाहिजे.

या प्रयोगात बाल्ब-सी जातीचेच उंदीर होते; परंतु तुलनेचे क्षेत्र विस्तारलेले होते. जनुकांतरित वाटाण्याबरोबर त्याच रोधकाचे जनुक घातलेला हरभरा व चवळी यांचीही परीक्षा झाली आणि जनुकीय परिवर्तन न केलेला घेवडाही तपासला गेला. निष्कर्ष असा निघाला, की हे सर्वच पदार्थ उंदरांत ॲलर्जीचा प्रतिसाद निर्माण करतात. त्यात घेवडाही आला. याहून विलक्षण गोष्ट अशी, की ज्यात रोधक मुळीच नाही असा साधा वाटाणा खाल्लेल्या उंदरांच्या शरीरातही रोधकाविरुद्ध प्रतिसाद आढळला. वाटाण्यात लेक्टीन नावाचे एक प्रथिन असते. त्याची व रोधकाची रचना इतकी जवळची आहे, की एकाविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड दुसऱ्यासही ओळखतात. म्हणजे उंदीर रोधकाला ओळखत होता हे खरे. पण ती ओळख त्याला नव्या जनुकामुळेच झाली होती, असे म्हणता येत नव्हते.

भारतीय तर्कशास्त्राच्या परिभाषेत हा सव्यभिचार हेत्वाभास होय. साध्य जेथे निश्चित आहे ते स्थळ सपक्ष. साध्य जेथे निश्चितपणे नाही ते स्थळ विपक्ष. जो हेतू सपक्षात आढळतो आणि विपक्षातही आढळतो, तो कशाचेच गमक नसतो. पर्वत ज्ञानाचा विषय आहे म्हणून त्यावर अग्नी आहे, असे कोणी म्हटले तर सरोवरही ज्ञानाचा विषय आहे एवढेच दाखवून देणे पुरे होते. उंदराचा प्रतिसाद हा येथे हेतू आहे आणि माणसास होणारी ॲलर्जी हे साध्य आहे. माणसाचा अनुभव असा, की घेवडा व वाटाणा यांची ॲलर्जी अगदी थोड्यांना होते व बाकीचे लोक ते रोज खातात. उंदीर त्या दोहोंनाही प्रतिसाद देत असेल, तर त्याच्या प्रतिसादावरून तिसऱ्या पदार्थाविषयी आपण काय ठरविणार? २००५ च्या प्रयोगात विपक्ष अगदी नव्हता असे नाही. तो अपुरा होता आणि एकाच प्रयोगशाळेत तपासलेला होता. २०१३ च्या प्रयोगाने विपक्ष वाढविला आणि हेतूचा व्यभिचार उघड झाला.

मात्र येथेच दुसरी चूक होण्याचा संभव आहे. २०१३ च्या निबंधाने जनुकांतरित वाटाणा निर्धोक ठरला, असे अनेक ठिकाणी मानले जाते. निबंधाने तसे सिद्ध केलेले नाही. जनुकांतरित वाटाणा उंदरांच्या बाबतीत घेवड्याहून अथवा साध्या वाटाण्याहून अधिक ॲलर्जीकारक नाही, एवढेच त्याचे विधान आहे. जे मोजमाप तीळ आणि नारळ यांच्यात फरक दाखवीत नाही, त्याने दोन पदार्थ सारखे निघाले म्हणून ते सारखे ठरत नाहीत. प्रतिमान जर भेद करण्यास असमर्थ असेल, तर त्याची अनुकूल साक्षही प्रतिकूल साक्षीइतकीच अग्राह्य मानली पाहिजे. प्रतिकूल निष्कर्ष रद्द झाल्याचा आनंद ज्यांना झाला त्यांनी ही कठोर बाजू सहसा बोलून दाखविली नाही.

५

असा व्यभिचार उत्पन्न होण्याची कारणे प्रतिमानांच्या घडणीतच आहेत. त्यांपैकी चारांचा येथे निर्देश करतो.

पहिले कारण प्रवेशमार्गाचे. अन्न तोंडावाटे जाते आणि आतड्याचा स्वाभाविक कल अन्नास सहन करण्याकडे असतो. अंड्याचे प्रथिन अगोदर खाऊ घातलेल्या गिनीपिगास त्याच प्रथिनाने घातक आघात होत नाही, हे १९११ सालीच वेल्स यांनी दाखविले होते. त्यामुळे तोंडावाटे दिलेल्या प्रथिनाने प्राण्यात ॲलर्जी निर्माण होणे मुळातच अवघड असते. ही अडचण टाळण्यासाठी काही संशोधक प्रथिन उदरपोकळीत टोचतात. काही जण कॉलऱ्याच्या विषासारखे साहाय्यक द्रव्य त्याबरोबर देतात. गाईचे दूध व भुईमूग यांच्या ॲलर्जीची जी उंदरातील प्रतिमाने न्यूयॉर्कमध्ये तयार झाली, ती याच साहाय्याने. रोगाची यंत्रणा समजून घेण्यास व उपचार शोधण्यास ती अमोल आहेत, कारण तेथे ॲलर्जी असलेला उंदीर हवाच असतो. परंतु एखाद्या प्रथिनात ॲलर्जी निर्माण करण्याची अंगची शक्ती आहे काय, हे जेव्हा पाहावयाचे असते, तेव्हा बाहेरून शक्ती पुरवून ती मोजणे म्हणजे ढकललेल्या गाडीच्या यंत्राची परीक्षा करणे होय.

दुसरे कारण प्राण्याच्या पूर्वाहाराचे. प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या तयार खाद्यात सोयाबीन, गहू, मका ही धान्ये सामान्यतः असतात. त्या खाद्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला प्राणी त्या प्रथिनांना सरावलेला असतो. अशा प्राण्याने सोयाबीनला प्रतिसाद दिला नाही, तर तो सोयाबीनचा गुण की खाद्याचा परिणाम, हे सांगता येत नाही. उलट वाटाण्याच्या प्रकरणात साध्या वाटाण्याच्या लेक्टिनाने केलेला घोटाळा आपण पाहिलाच.

तिसरे कारण वंशाचे. बाल्ब-सी उंदीर आयजीई निर्माण करण्याच्या बाबतीत तत्पर म्हणून निवडला जातो, तर भुईमुगाच्या प्रतिमानासाठी वापरल्या गेलेल्या सी-३-एच-हेज या उंदरात जिवाणूंच्या आवरणातील विष ओळखणाऱ्या ग्राहकाचे जनुकच बिघडलेले असते. एका वंशात खरे ठरलेले दुसऱ्या वंशात खरे ठरेलच, असे नाही. जे उंदराउंदरांत टिकत नाही ते उंदराकडून माणसाकडे नेताना किती सावध राहावे, हे वेगळे सांगावयास नको.

चौथे कारण सर्वांत मूलगामी आहे. माणसाची अन्नॲलर्जी मुख्यतः आयजीईच्या द्वारा घडते. उंदरात मात्र आयजी-जी-१ या दुसऱ्या जातीच्या प्रतिपिंडांद्वाराही, विशेषतः प्रतिजनाची मात्रा मोठी असल्यास, तसाच आघात घडू शकतो. तेव्हा उंदराच्या शरीराचे तापमान घसरले एवढ्यावरून आयजीईची साक्ष मिळाली असे होत नाही. इंग्लंडमधील एका गटाने उदरपोकळीत टोचून केलेल्या प्रयोगांत अंड्यातील ओव्हाल्ब्युमीन व बटाट्यातील आम्ल-फॉस्फटेज या दोन्ही प्रथिनांविरुद्ध आयजी-जी तयार होते, परंतु आयजीईचा जोरदार प्रतिसाद पहिल्याच प्रथिनास मिळतो, असे दाखविले आहे. प्रतिक्षमजनकता व ॲलर्जीजनकता वेगळ्या आहेत, याचा याहून सुबोध पुरावा नाही. आणि परिचित प्रथिनांच्या जोड्या वापरून प्रतिमानाची परीक्षा कशी करावी, याचाही तो चांगला नमुना आहे.

६

येथे एक आक्षेप संभवतो. प्रतिमान सदोष असले तरी सावधगिरी म्हणून त्याचा उपयोग करण्यास काय हरकत आहे? खोटी धोक्याची घंटा वाजली तरी हानी एका पिकाची. खरी घंटा न ऐकल्यास हानी माणसाची. हा युक्तिवाद भावनेस पटणारा आहे. परंतु गणितास पटत नाही. उदाहरणादाखल असे गृहीत धरू, की १००० नव्या प्रथिनांपैकी १० खरोखर घातक आहेत आणि आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे. आज कोणतेही प्राणी-प्रतिमान इतके अचूक असल्याचे सिद्ध झालेले नाही. ती चाचणी १० पैकी ९ घातक प्रथिने पकडील. परंतु ९९० निर्धोक प्रथिनांपैकी ९९ नाही दोषी ठरवील. एकूण १०८ घंटा वाजतील व त्यांत खऱ्या ९, म्हणजे बारांत एक. शिवाय एक घातक प्रथिन ‘प्राण्यांवर तपासलेले’ अशी मुद्रा घेऊन बाजारात जाईल. ज्या घंटेच्या बारांपैकी अकरा हाका खोट्या असतात, ती काही दिवसांनी कोणी ऐकत नाही. सावधगिरीचा खरा शत्रू निष्काळजीपणा नसून निरर्थक परीक्षा हा आहे, कारण ती परीक्षा झाल्याचे समाधान देते.

याचा अर्थ प्राण्यांवरील सर्वच काम व्यर्थ आहे, असा कोणी घेऊ नये. काही प्रतिमानांनी योग्य दिशेने पाऊल टाकले आहे. नेदरलँड्समधील संशोधकांनी ब्राउन नॉर्वे या जातीच्या रॅटांना ओव्हाल्ब्युमीन रोज १ मिलिग्रॅम याप्रमाणे ४२ दिवस कोणत्याही साहाय्यक द्रव्यावाचून पोटात दिले व आयजीई तयार होते असे दाखविले. प्रवेशमार्गाचा आक्षेप येथे लागू पडत नाही. अमेरिकेत ॲलर्जीची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या कुत्र्यांवर झालेल्या अभ्यासात त्वचेच्या प्रतिसादाचा क्रम भुईमूग, कठीण कवचाची फळे, गहू, सोयाबीन, जव असा उतरता लागला आणि तो माणसाच्या अनुभवाशी बराच जुळला. कुत्रे महाग, संख्येने थोडे आणि त्यांना सिद्ध करावयास वेळ फार लागतो, हे खरे. परंतु परिचित पदार्थांची उतरंड लावता येते की नाही, हा योग्य प्रश्न त्या अभ्यासाने विचारला. आमच्या मते त्याचे महत्त्व उत्तरापेक्षा या प्रश्नात अधिक आहे.

७

हा विवाद दूरच्या देशांतला म्हणून आपण दुर्लक्षू शकत नाही. जालन्याच्या महिको कंपनीने बीटी वांग्यासाठी सादर केलेल्या सुरक्षा-माहितीत ब्राउन नॉर्वे रॅटांवरील ॲलर्जीपरीक्षेचा समावेश होता. त्या वांग्यास ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञसमितीने अनुकूलता दर्शविली आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्रीय पर्यावरणमंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. वादात अनेक मुद्दे होते व त्यांच्यात येथे शिरण्याचे कारण नाही. त्या धारिकेतील रॅटांच्या साक्षीविषयी मात्र एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे, आणि तो दोन्ही पक्षांना सारखाच लागू आहे : रॅटांनी जो प्रतिसाद दिला किंवा दिला नाही, तो कोणत्या परिचित प्रथिनांच्या तुलनेत?

अल्फा-अमायलेज-रोधकाचा हरभरा तर आपल्या अधिकच जवळचा आहे. आसाममधील कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांचा त्या संशोधनात सहभाग राहिला आहे. ज्या घेवड्यातून हा रोधक येतो त्याच जातीचा वाळलेला दाणा आपण राजमा म्हणून शिजवून खातो आणि कोवळी शेंग श्रावणघेवडा म्हणून. हरभरा स्वतः काही भारतीयांना बाधतो, हेही मुंबईतील डॉक्टरांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून ज्ञात आहे. तेव्हा अशा हरभऱ्याची परीक्षा आपल्याकडे करावयाची झाल्यास तिचे स्वरूप स्पष्ट आहे. नव्या हरभऱ्याशेजारी साधा हरभरा, राजमा, वाटाणा व मसूर असावेत. ॲलर्जीकारक म्हणून प्रसिद्ध असलेला भुईमूग असावा. आणि क्वचितच बाधणारे एखादे प्रथिन असावे. पीठ कच्चे व शिजविलेले अशा दोन्ही स्वरूपांत द्यावे, कारण कच्चा राजमा माणूस खात नाही. प्राण्यांचे पूर्वीचे खाद्य कोणते होते, ते लिहिले जावे. कोणत्या पिंजऱ्यात काय दिले आहे हे मोजणाऱ्यास ठाऊक नसावे. प्रयोग निदान दोन प्रयोगशाळांत व्हावा. आणि या सर्वांबरोबर हरभऱ्याची ॲलर्जी असलेल्या आपल्या रुग्णांचा रक्तरस तपासला जावा. जेथे माणसाची साक्ष उपलब्ध आहे तेथे उंदराची साक्ष आधी घेणे हा न्याय नव्हे.

ही मागणी खर्चिक आहे, असे म्हटले जाईल. तिची तुलना मात्र चुकीच्या प्रयोगाच्या खर्चाशी केली पाहिजे. वाटाण्याच्या बाबतीत पहिल्या निबंधापासून प्रकल्प थांबेपर्यंत अकरा वर्षांचे काम होते. आणि घेवड्यालाही उंदीर प्रतिसाद देतो हे कळावयास आणखी आठ वर्षे लागली. तो विस्तृत विपक्ष २००५ सालीच ठेवला गेला असता, तर प्रकल्प चालू राहिला असता की नाही हे सांगता येत नाही. परंतु निर्णय कोणत्या आधारावर झाला, हे तरी सांगता आले असते.

नवी प्रथिने यापुढे अधिक वेगाने येणार आहेत. पिवळ्या भुंगेऱ्याची अळी २०२१ साली युरोपात अन्न म्हणून मान्य झाली, आणि कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांना ती बाधण्याचा संभव परीक्षकांनी नोंदविला. त्यामागे या दोहोंतील ट्रोपोमायोसीन प्रथिनांचे ज्ञात साम्य आहे; म्हणजे तेथेही परिचिताच्या साहाय्यानेच अपरिचिताचा वेध घेतला गेला. आमच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या क्षेत्रातील कोणताही निबंध हाती घेतल्यावर त्यातील निष्कर्ष वाचण्यापूर्वी तुलनेसाठी ठेवलेल्या पदार्थांचे कोष्टक वाचावे. त्या कोष्टकात सपक्ष आहे काय, विपक्ष आहे काय, आणि प्रतिमानाने त्या दोहोंत भेद केला आहे काय, या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी आली तर पुढे जावे. तशी ती आली नाहीत, तर निष्कर्ष आपल्या मतास कितीही अनुकूल असला, तरी निबंध मिटून ठेवण्याचे धैर्य दाखवावे.